एमएसचा थीसिस परीक्षेनंतरही कामाला यावा म्हणून काय करता येईल? (खान्देशातल्या सर्जरी रेसिडेंटांसाठी, आणि त्यांच्या सरांसाठीही)

पांझराकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

धुळे-जळगाव-नंदुरबार पट्ट्यात सर्जरी शिकणारे, शिकवणारे आणि शिकून प्रॅक्टिसला बसलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय. डॉक्टर नसलेल्यांनीही जरूर लिहा, शेवटी पोट तुमचंच उघडतो आम्ही.

मी सर्जरी शिकवतो. दरवर्षी नवी बॅच येते आणि वॉर्डात नीट रुळायच्या आत तिच्यामागे सिनॉप्सिसचं (थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्याचं) लचांड लागतं. "सर, एखादा टॉपिक द्या ना." मग मागच्या बॅचचा टॉपिक शब्द फिरवून दिला जातो. साठ केसेस. साठच का? तर मागच्यानेही साठच घेतल्या होत्या. शेवटी रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं आणि लायब्ररीतलं कुलूपबंद कपाट. त्या साठ रुग्णांकडून काय कळलं ते त्याच युनिटच्या पुढच्या बॅचला विचारा, सांगता येणार नाही.

नियम भरपूर आहेत. थीसिस सक्तीचा. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा. पोस्टर नाहीतर पेपर, तोही सक्तीचा. पोरं सगळं पार पाडतात, सर्टिफिकेटं फाइलला लावतात आणि मोकळी होतात. याला मी आळस म्हणत नाही. प्रश्न त्यांच्या वॉर्डातून आलेला नसतो, आणि आला तरी एकट्याच्या केसेसवर त्याचं उत्तर निघत नाही. मग जीव लावायचा कशाला?

माझा मुद्दा एवढाच आहे: एकच प्रश्न तिन्ही जिल्ह्यांतल्या रेसिडेंटांनी वाटून घ्यावा, आणि एक बॅच पास झाली की पुढच्या बॅचने तो तिथूनच उचलावा.

"खेड्यात कुठलं आलंय संशोधन" हे ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. हर्नियाच्या ऑपरेशनात पोटाच्या भिंतीला आधार म्हणून जाळी लावतात. कंपनीची जाळी गावाकडच्या पेशंटला परवडत नव्हती. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरून पाहिलं. इथवर अनेक जण आले असते. ते पुढे गेले. त्यांनी इतर ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेतलं, सगळ्यांच्या केसेस एकत्र मांडल्या आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त तो बहुकेंद्री अभ्यास छापला. तोच प्रश्न पुढे बुर्किना फासोत तपासला गेला, मग युगांडात. युगांडातली ट्रायल २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली: ३०२ पुरुष, निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. एक जाळी साधारण एका डॉलरची, दुसरी सव्वाशे डॉलरची.

शिंदखेडा तालुक्यातल्या सर्जनने विचारलेला प्रश्न तिथपर्यंत गेला. आणि आमची पोरं टॉपिक मागतात.

बोला आता.


भरीतप्रेमी | रविवार, रात्री १०:०५

बापरे, हे माहीतच नव्हतं! दोंडाईचा म्हणजे माझ्यासाठी सुरत लाइनवरचं एक स्टेशन होतं फक्त. एमबीबीएस खान्देशातच केलंय, पण पाच वर्षांत कुणीही हे नाव घेतलं नाही. हर्नियाच्या लेक्चरला परदेशी सर्जनांची नावं मात्र तोंडपाठ करून घेतली.


नाईट_ड्यूटी | रविवार, रात्री ११:५०

सर, आदर ठेवूनच लिहितोय, राग मानू नका. सेकंड इयरला आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही.

सकाळी उठून ड्रेसिंग, मग राउंड, मग ओपीडी नाहीतर ओटी. दुपारी महात्मा फुले योजनेचे (सरकारी मोफत उपचारांच्या) फोटो आणि प्रीऑथ, म्हणजे आधीची मंजुरी. ब्लड बँकेत मीच जायचं, सीटीचं फिल्म मीच आणायचं, ट्रॉली ढकलायला मामा नसला तर तीही मीच. रात्री इमर्जन्सी. यातून रिसर्च कधी करू?

माझ्या थीसिसचा एक पेशंट फॉलोअपला आला तेव्हा मी ओटीत हात धुऊन ऑपरेशनला उभा होतो. इंटर्नने "जखम बरी आहे" असं लिहून त्याला घरी पाठवलं. ती जखम मी पाहिलीच नाही. बरी म्हणजे काय? लाल होती? पाणी येत होतं? मास्टर चार्टमध्ये (सगळ्या पेशंटांच्या माहितीच्या तक्त्यात) त्या रकान्यात आता काय भरू? तुम्हाला सांगतो, बहुतेक जण 'इन्फेक्शन नाही' भरतात. ते खोटं असतं असं नाही, पण ते कुणी पाहिलेलंही नसतं.

मास्टर चार्टपासून डिस्कशनपर्यंत सगळं पैसे देऊन लिहून मिळतं, हे इथल्या सगळ्या सरांना ठाऊक आहे. रात्री दोनला आतडं शिवून आलेल्या माणसाला तो मार्ग का बरा वाटतो, एवढंच विचारा स्वतःला.

प्रोत्साहन म्हणून ट्रॉफी नि सर्टिफिकेट नको. आठवड्याला एक दुपार द्या, जिच्यात माझा फोन दुसरा कुणीतरी उचलेल.


गिरणाकाठचे_नाना | सोमवार, सकाळी ६:३०

मी निवृत्त सर्जन. आयुष्य चाळीसगाव-पाचोरा भागात गेलं. माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

तीन वर्षांत पोराचे हात तयार झाले पाहिजेत. आमच्या वेळी एमएस होऊन बाहेर पडलेला मुलगा तालुक्याला एकटा पोट उघडायचा. आजचा मुलगा एमएस होऊन फेलोशिप शोधतो, कारण त्याने पुरेशी पोटं उघडलेलीच नसतात. त्यात तुम्ही त्याची एक दुपार कॉम्प्युटरपुढे घालवणार. शोध लावणारे लावतील. शंभरातला एखादा टोणगावकर होतो, बाकीच्या नव्व्याण्णवांना नीट गाठ मारता येऊ द्या.

बाकी ते मच्छरदाणीचं खरं आहे. आम्ही पण वापरली.


पांझराकाठ | सोमवार, सकाळी ८:१५

नाना, नमस्कार. हातांबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही वापरली तेव्हा किती जणांना लावली, किती जणांचा हर्निया परत आला, हे आज सांगता येईल का? खोचक विचारत नाही. दोंडाईच्यात आणि तुमच्याकडे फरक त्या वहीपुरताच असावा असं मला वाटतं.

@नाईट_ड्यूटी, राग कसला. आमच्या युनिटमध्ये बुधवारची दुपार सोडवायचा प्रयत्न चालू आहे: त्या दिवशीचे कॉल दुसरं युनिट घेतं, शुक्रवारी आम्ही त्यांचे घेतो. सणासुदीला आणि परीक्षेच्या तोंडावर ते मोडतं, हे कबूल. पण एचओडींनी ड्यूटी चार्टवर लिहून सही केली तेव्हापासून बरंच टिकतंय. तोंडी ठरवलेलं होतं तेव्हा टिकत नव्हतं.


केळीबागवाला | सोमवार, सकाळी १०:२०

डॉक्टर नाही, रावेरचा शेतकरी. वाचतोय. एक विचारू का? मच्छरदाणी बाजारातली तशीच लावायची का? औषध मारलेली पण मिळते हल्ली.


पांझराकाठ | सोमवार, सकाळी ११:००

अजिबात नाही भाऊ! औषध मारलेली चालतच नाही. विशिष्ट पॉलिमरची साधी जाळी, कापून, धुऊन, ऑटोक्लेव्ह करून. तेही १२१ अंशांना, जास्त तापवली तर आक्रसते. आणि आज कुणी नव्याने असं काही करायला गेलं तर आधी एथिक्स कमिटी (रुग्णांवरचा अभ्यास योग्य आहे का ते तपासणारी), वर २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम. कुणी घरून मच्छरदाणी आणू नका म्हणजे झालं.


चहा_आणि_पी_व्हॅल्यू | सोमवार, दुपारी २:३०

पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागात शिकवते. थीसिसच्या हंगामात माझ्या दाराबाहेर सर्जरी-ऑर्थोच्या पोरांची रांग असते, डेटा गोळा करून झाल्यावर. "मॅडम, पी व्हॅल्यू काढून द्या." (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते सांगणारा आकडा.) जेवण झाल्यावर मीठ किती घालू विचारण्यातला प्रकार.

त्या 'साठ'चा हिशेब एकदा मांडूनच टाकते, कारण धाग्याचा खरा मुद्दा तिथे आहे.

समजा, इमर्जन्सी पोटाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या वीस जणांच्या जखमेत पू होतो, आणि तुमच्याकडे एक उपाय आहे ज्याने ते वीसाचे दहा होतील असं वाटतं. म्हणजे निम्म्यावर, जबरदस्त उपाय म्हणायचा. हा फरक खरा आहे की योगायोग, हे नेहमीच्या निकषांनी (५ टक्के चूक, ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक सापडायची शक्यता) ठरवायला एका गटात जवळपास दोनशे रुग्ण लागतात. दोन गट, चारशे. काही जण फॉलोअपला येणार नाहीत, ते धरून साडेचारशेच्या आसपास. तीस-तीसच्या दोन गटांत तुम्ही कितीही प्रामाणिकपणे काम केलं तरी निष्कर्ष एकच: 'फरक आढळला नाही'. कारण आढळण्याएवढी माणसंच नव्हती.

उपाय तपासायचा नसेल, आपल्याकडे इन्फेक्शनचं प्रमाण नेमकं किती एवढंच शोधायचं असेल, आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तरी साधारण २४६ रुग्ण हवेत.

एका रेसिडेंटच्या पदरात दीड वर्षात हे पडत नाही. तीन हॉस्पिटलांच्या पदरात आरामात पडतं. त्यामुळे धागाकर्त्यांची सूचना मला भावनिक वाटत नाही, ती आकड्यांतूनच निघते.

आणखी एक. प्रश्न ठरला की *आधी* या. चहा मी पाजते.


बर्मिंगहॅमचा_भुसावळकर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

एमएस तिकडूनच केलं, आता इथे इंग्लंडात ट्रेनिंगमध्ये आहे. पी व्हॅल्यूताईंनी जे आकड्यांत मांडलं तेच इथल्या ट्रेनींना उमगलं, आणि २००७ च्या सुमारास वेस्ट मिडलँड्समधल्या सर्जरी ट्रेनींनी स्वतःचा गट बांधला. इथला ट्रेनी एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात सारखा बदलत राहतो, त्यामुळे एकट्याचा अभ्यास कधी पुरा व्हायचाच नाही. गट असला की माणूस बदलला तरी अभ्यास जागेवर राहतो. त्यांनी 'रॉसिनी' नावाची ट्रायल केली. पोटाच्या जखमेच्या कडांना प्लॅस्टिकचं संरक्षक कडं लावलं तर इन्फेक्शन कमी होतं का? २१ हॉस्पिटलं, ७६० रुग्ण, २०१३ साली बीएमजेत (ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये). उत्तर: नाही. दोन्ही गटांत जवळपास पंचवीस टक्के. 'नाही' हे उत्तरही छापून आलं, आणि त्या कड्यांवरचा खर्च वाचला.

पुढे ग्लोबलसर्ज आलं, जगभरातल्या सर्जनांची अभ्यासाची साखळी. पद्धत अगदी सोपी होती: हॉस्पिटलातल्या दोन-तीन जणांची छोटी टोळी, सलग दोन आठवडे निवडा, तेवढ्या काळातल्या सगळ्या इमर्जन्सी पोटांची ठरलेली माहिती भरा. पहिल्याच फेरीत ५८ देशांतल्या ३५७ केंद्रांतून १०,७४५ रुग्ण जमले. भरणाऱ्या प्रत्येकाचं नाव सहयोगी म्हणून पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) दिसतं.

भारताचं म्हणाल तर लुधियानाचं सीएमसी या साखळीचं आपल्याकडचं मुख्य केंद्र आहे. 'चीता' ट्रायल (स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच) भारतासह सात देशांत झाली: ८१ हॉस्पिटलं, १३,३०१ रुग्ण. पोट बंद करण्याआधी सगळ्या टीमने ग्लोव्ह्ज बदलायचे आणि नवी निर्जंतुक इन्स्ट्रुमेंट्स घ्यायची, बस्स. इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. २०२२ साली लॅन्सेटमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी 'फाल्कन'ने दाखवलं की ऑपरेशनआधी कातडी पुसायला महागडं क्लोरहेक्सिडिन आणि आपलं पोव्हिडोन आयोडिन यांत, किंवा ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेल्या आणि साध्या धाग्यात, फरक नाही. सरकारी हॉस्पिटलच्या स्टोअरला याहून कामाची बातमी कुठली?

इथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. सीव्हीचं वजन वाढवायला चाललेलं 'संशोधन' इथेही रग्गड आहे.


सासूबाईंची_सून | सोमवार, रात्री ९:००

मी अमळनेरची, शिक्षिका. सगळं वाचून जरा भीतीच वाटली. सासऱ्यांचं ऑपरेशन सरकारीत झालं होतं, खूप कागदांवर सह्या घेतल्या. त्यात हे असलं पण काही असेल का? "ट्रायल" म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना?


चहा_आणि_पी_व्हॅल्यू | सोमवार, रात्री ९:३५

ताई, प्रश्न अगदी रास्त. अभ्यासाचं संमतिपत्र ऑपरेशनच्या संमतिपत्रापासून वेगळं असतं, आणि "नाही" म्हटलं तरी उपचार तेच मिळतात. तसं त्यात लिहिलेलं असावंच लागतं. एथिक्स कमिटीत डॉक्टर नसलेली माणसंही बसतात, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक. उपाय तपासणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद करावी लागते. ती कुणालाही फुकट पाहता येते आणि एप्रिल २०१८ पासून मागाहून करता येत नाही. आणि इथे बोलतोय त्यातलं बरंचसं प्रयोग नाहीच. जो उपचार चालू आहे त्याचं पुढे काय झालं ते लिहून ठेवणं, एवढंच.


अक्राणीतून | मंगळवार, सकाळी ७:२०

सर्जरी, सेकंड इयर. सध्या डीआरपीवर आहे (सगळ्या पीजींना जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत तीन महिने काढावे लागतात ते). सुट्टीच्या दिवशी धडगावला आलोय, इथे टेकडीवर रेंज आहे तोवर लिहून टाकतो.

वर जे सगळे आकडे आहेत ते 'तीस दिवसांनी जखम पाहिली' यावर उभे आहेत. आमच्याकडे तीस दिवसांनी पेशंट कुठे असतो सांगू? बारडोलीच्या पलीकडे, उसाच्या फडात. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. फोन लावला तर बंद, नाहीतर मुकादम उचलतो. थीसिसमध्ये याला 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणतात.

पण होळीला माणूस परत येतो. भोंगऱ्या बाजाराला तर सगळा सातपुडा खाली उतरतो. मी थोडे दिवस आशाताईंबरोबर फिरलो, त्यांच्याकडे कुणाची बाई कुठल्या कारखान्यावर गेली आहे याची नोंद सरकारी रजिस्टरपेक्षा पक्की असते. सर्जरी वॉर्डातून त्यांना कुणी कधी विचारलंच नाही म्हणतात.

दुसरं, संमती. छापील फॉर्म मराठीत. पेशंट पावरी बोलतो. मी वाचून दाखवतो, तो मान हलवतो, अंगठा. नियमाप्रमाणे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा. आमचा साक्षीदार वॉर्डातल्या मावशींचा मुलगा. खाली धुळ्यातही तेच. अहिराणी आजी तुमचं सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "बठ्ठं ठीक शे, पन घर कव्हय जावाले भेटी?" तिला काय समजलं समजायचं?


बोलीवेडी | मंगळवार, सकाळी ९:४५

संमतीचा अहिराणी आणि पावरी मजकूर मी आणि माझ्या मैत्रिणी करून देऊ. डॉक्टरी शब्द तुम्ही साध्या मराठीत समजावून द्या, पुढचं आमच्याकडे. लिखित नको, बोललेलं रेकॉर्डिंग जास्त कामाचं.


पांझराकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

@बोलीवेडी, व्यनि केलाय! फक्त मजकूर आणि रेकॉर्डिंग दोन्ही कमिटीपुढे ठेवावं लागेल.


स्पष्टच_बोलतो | मंगळवार, दुपारी १:००

सगळे गोड बोलताय म्हणून खडा टाकतो. काम रेसिडेंटने करायचं, पेपरवर पहिलं नाव कुणाचं? बढतीला शोधनिबंध लागतात, त्यामुळे सरांनाही नाव वर हवं असतं. माझ्या थीसिसचा पेपर मी पास झाल्यावर छापून आला हे मला एका कॉन्फरन्समध्ये कळलं. त्यात मी चौथा. तिसरे कोण होते ते मी आजही ओळखत नाही.


भरीतप्रेमी | मंगळवार, दुपारी १:२०

😶


नाईट_ड्यूटी | मंगळवार, दुपारी १:४५

+१. आणि 'चार दिवसांत छापून देतो, पैसे भरा' वाल्या जर्नलांचे मेल थांबवायला काही उपाय? एकाने मला 'आदरणीय प्राध्यापक' म्हटलंय.


पांझराकाठ | मंगळवार, रात्री ८:५०

@स्पष्टच_बोलतो, हे लिहिलंत ते बरं केलंत. याचं समर्थन होऊच शकत नाही. लेखक कोण याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरलेले आहेत: कामात खरा वाटा, लेखनात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी. चारही हवेत. पद हा त्यातला निकष नाही. उपाय म्हणून एकच सुचतं, आणि ते मी करतो: सिनॉप्सिसच्याच दिवशी एका कागदावर नावांचा क्रम लिहायचा, सगळ्यांनी सही करायची. बदल झालाच तर त्याच कागदावर, कारणासकट. सरांना शेवटचं नाव आणि पत्रव्यवहाराचा मान पुरेसा असावा. ज्याला पुरत नाही त्याच्याकडे थीसिस घेऊ नका म्हणणं सोपं आहे, पण गाईड निवडायची मुभा पोरांना असतेच कुठे. म्हणून तिन्हीकडच्या समाईक कामात ग्लोबलसर्जसारखंच करावं: लेखक म्हणून गटाचं नाव, खाली सगळ्यांची यादी, वर्णानुक्रमे.

जर्नलांचं सोपं आहे. तुम्ही न विचारता जो बोलावतो त्याच्याकडे जायचं नाही.


गिरणाकाठचे_नाना | बुधवार, सकाळी ६:१५

परवा पांझराकाठांनी विचारलं किती जणांचा हर्निया परत आला. सांगता येत नाही, बरोबर आहे. जे परत आले ते माझ्याकडे आले की जळगावला गेले, कुणास ठाऊक.

तुम्ही सगळे जखमेच्या मागे लागलात, मी तुम्हाला त्याच्या आधीचं सांगतो. परफोरेशनचा, म्हणजे आतड्याला नाहीतर जठराला भोक पडलेला, पेशंट. माझ्याकडे यायचा तो पोट फुटून दोन दिवस झालेला. पहिला दिवस घरी, ओवा नि शेक. मग गावातल्याकडे सलाईन नि दुखणं थांबवायचं इंजेक्शन. पोट दुखायचं थांबलं की मंडळी खूश. मग पोट फुगलं की गाडी शोधायची. त्यातला जो चोवीस तासांच्या आत यायचा तो दहाव्या दिवशी टाके काढून घरी. बाकीच्यांची जखम उसवायची, काही जायचे. माझी शिवण कितीही चांगली असो, त्या तासांपुढे तिला किंमत नव्हती. कुठल्या गावाहून किती तासांनी आला आणि ते तास कुठे गेले, हे कुणी लिहिलंय का आजवर? केस पेपरवर 'पोटदुखी दोन दिवस' एवढंच असतं. दोन दिवस म्हणजे तीस तास की साठ?

हे लिहायला दुपार लागत नाही. पेशंटच्या नातेवाइकाला पाच मिनिटं विचारावं लागतं. हातही बिघडत नाहीत त्याने.


चहा_आणि_पी_व्हॅल्यू | बुधवार, सकाळी ९:००

नाना!! हाच घ्या. मी इतक्या दिवसांत ऐकलेला सगळ्यात चांगला टॉपिक आहे हा.

रचना साधी: परफोरेशनचं ऑपरेशन झालेला प्रत्येक प्रौढ रुग्ण. दुखायला लागल्याची वेळ, घर सोडल्याची वेळ, पहिल्या डॉक्टरची, रेफर झाल्याची, आपल्या दारात आल्याची, चाकू लागल्याची. पुढे तिसाव्या दिवशी जखम आणि माणूस. कुठलाही नवा उपचार नाही, म्हणून कमिटीपुढे तुलनेने सोपं जातं, पण मंजुरी तिन्ही संस्थांतून लागेल आणि पहिल्या नोंदीच्या *आधी* लागेल. जुन्या केस पेपरवरून करायचं म्हटलं तरी संमतीतून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. मी मांडलेल्या २४६ वर दहाएक टक्के गळती धरून २७५ चं लक्ष्य ठेवा. उशिरा येणाऱ्यांत इन्फेक्शन जास्त होतं की नाही, हे नीट पाहायचं तर आणखी लागतील. पुढची बॅच आहेच.

एक गोष्ट हात जोडून: नावं आणि मोबाइल नंबर घातलेली शीट व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. प्रत्येकाला कोड नंबर, आणि कोडची वही युनिटच्या कुलपात. भरायला एपिकलेक्ट हे मोबाइल अॅप वापरता येईल, फुकट आहे आणि रेंज नसतानाही चालतं. हिशेबालाही फुकट सॉफ्टवेअर मिळतं.


बर्मिंगहॅमचा_भुसावळकर | बुधवार, दुपारी ४:०५

फॉर्मचा कच्चा आराखडा मी रविवारपर्यंत टाकतो. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, दुसरं पान कुणी भरत नाही. लुधियाना ज्या साखळीत आहे तिच्या लोकांनी फोनवरून जखम विचारायच्या प्रश्नावलीवर काम केलंय, ती वापरता येईल का तेही बघतो.


स्पष्टच_बोलतो | बुधवार, दुपारी ४:३०

नावांच्या क्रमाचा कागद आधी. मग मी जळगावकडचं बघतो.


नाईट_ड्यूटी | बुधवार, रात्री ११:२०

आत्ताच एक परफोरेशन करून आलो. ऑपरेशनला उभं राहायच्या आधी बाहेर जाऊन त्याच्या भावाला विचारलं. मंजुरी नाही, त्यामुळे ही नोंद अभ्यासात जाणार नाही हे माहीत आहे, फक्त विचारून पाहिलं. दुखणं सुरू झालं ते "गुरं सोडायच्या टायमाला". म्हणजे किती वाजता धरू?


अक्राणीतून | गुरुवार, सकाळी ७:४०

घड्याळाची वेळ विचारूच नका. सूर्य कुठे होता, गुरं, बस, नळाचं पाणी, असे पर्याय द्या फॉर्ममध्ये आणि समोर तास आपण लिहायचे. दर तालुक्याला ते वेगळे असतील, माझ्याकडचे मी देतो.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना एकच असणार आहे का? पेशंटचा नंबर बहुतेक वेळा असतच नाही, किंवा दोन महिन्यांत बदलतो.


चहा_आणि_पी_व्हॅल्यू | गुरुवार, सकाळी ८:३०

तीन रकाने करू: स्वतःचा, शेजाऱ्याचा नाहीतर किराणावाल्याचा, आणि आशाताईंचा. तिघांकडे फोन करायची परवानगी संमतिपत्रात वेगळी मागावी लागेल. चौथा रकाना 'दिवाळीनंतर कुठे जाणार'.


अक्राणीतून | गुरुवार, सकाळी ८:४२

आणि गावाच्या नावापुढे पाडा लिहायला जागा ठेवा. नुसतं गाव लिहून इथे कुणी सापडत नाही.